मरणाचं पान उघडायला लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली टेबल, त्यावर अर्जांचा गठ्ठा आणि उडू नये म्हणून ठेवलेला दगड, एवढीच तुमची खूण. म्हणून हे पत्र उघडंच लिहितेय. नागपुरात कोणी ना कोणी वाचून दाखवेलच तुम्हाला.

मी आजीच्या जन्माची नोंद शोधत आले होते. घराण्याची वंशावळ लिहायला घेतली आणि पहिल्याच पायरीवर अडले. आजी म्हणते, "मी अधिक श्रावणातली, सोमवारी पहाटेची." शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये मात्र १२ नोव्हेंबर १९४४. नोव्हेंबरात कुठला आलाय श्रावण? पण गंमत अशी की, त्या पानावर बाकी सगळ्या पोरांचा जन्म १ जुलैचा. मास्तरांनी अंदाजानं टाकलेला. एकट्या आजीचीच तारीख वेगळी, म्हणून आम्हाला तीच खरी वाटली. आजीच्या आठवणीला आम्ही हसलो.

त्यात सावनेर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या कोतवाल पंजीतही, म्हणजे गावातल्या जन्म-मरणाच्या जुन्या सरकारी वहीतही, तीच तारीख निघाली. बापाचं नाव बरोबर, जात बरोबर, पुढे 'मुलगी'. झालं काम, असं म्हणून मी नकलेचा अर्ज लिहून घ्यायला तुमच्यापुढे बसले. तुम्ही चष्मा वर केला आणि विचारलं, "पोरी, मरणाचं पान पायलं काय?"

मला राग आला होता, खरं सांगते. माझी आजी घरी धडधाकट बसलीय आणि हे काय बोलून राहिले!

मग तुम्ही समजावलंत. पंजीत लेकराचं नाव नसतं. बारसं व्हायच्या आधीच नोंद होते. नुसतं 'मुलगी'. ती कोणती मुलगी, हे पान सांगत नाही. कोतवाल गावात काय घडलं ते ध्यानात ठेवायचा आणि ठाण्यात जाऊन सांगायचा, तिथे लिहिलं जायचं. "जन्म सापडला का लोक उठून जातात," तुम्ही म्हणालात, "मरणाचं पान कोणी उघडत नाही."

मी उघडलं. १९४६, माघ संपता संपता. तोच बाप. 'मुलगी, वय १ वर्ष, ताप.'

दुसरा प्रश्न तुम्ही तिथेच विचारलात: आजीच्या आईचं माहेर कोणतं? पहिलं लेकरू गेल्यावर दुसऱ्या बाळंतपणाला घरचे पोरीला माहेरीच धाडणार, आणि नोंद तिथल्या पंजीत होणार. काटोलकडचं गाव. त्या पंजीत १४ ऑगस्ट १९४७ ला मुलगी. बापाचं नाव आमच्या पणजोबांचं, आडनाव मात्र पणजीच्या माहेरचं. कोतवालानं ज्या घरात बाळ झालं त्या घराचं आडनाव सांगून टाकलं असणार. मी एकटी असते तर या ओळीवरून पुढे गेले असते.

आणि श्रावण? तुम्ही बोटांवर मोजून सांगितलंत की १९४७ ला श्रावण अधिक होता, १५ ऑगस्टचा दिवसच अधिकातला. घरी येऊन जुनं पंचांग काढलं. सोमवार ११ तारखेचा. आपला दिवस सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे सोमवारच्या रात्रीची पहाट धरली तर इंग्रजी तारीख १२. पंजीतली १४ ही बहुधा कोतवाल ठाण्यात पोचल्याची. हे दोन-तीन दिवस मी आता कोणाशी भांडत बसणार नाही.

एक कोडं तेवढं उरलं होतं, तेही सुटलं. १९५२ मध्ये शाळेत घालताना पणजोबांनी गावच्या पंजीची नक्कल आणली असेल. तिथे त्यांच्या नावावर मुलगी एकच, मास्तरांनी तीच तारीख उतरवली. पाच वर्षांची पोर कागदावर आठाची झाली. पहिलीत आठ वर्षांची पोरं तेव्हा असायचीच, कोणाला खटकलं नाही. त्याच कागदावर आजी पुढे शिक्षिका झाली आणि २००२ मध्ये अठ्ठावन्न पूर्ण म्हणून निवृत्त झाली. खरी निवृत्ती २००५ ची. जवळजवळ तीन वर्षांचा पगार गेला, काका! बाबांनी हिशोब मांडायला घेतला होता, आजीनंच वही मिटली. आधार आणि पेन्शनवरची तारीख आहे तशीच राहू दे म्हणते.

तिला दोन्ही नकला दाखवल्या तेव्हा ती पैशांचं काही बोललीच नाही. माघाच्या नोंदीवर बोट ठेवून बराच वेळ बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी थोरली नव्हे?" सगळं घर तिला अक्का म्हणतं, धाकटी भावंडंसुद्धा. आई आपल्याला कधी उन्हात खेळू द्यायची नाही, जरा अंग तापलं की रात्रभर उशाशी बसायची, हे ती त्या दिवशी पहिल्यांदा बोलली.

वंशावळीत आजीच्या वर एक चौकोन काढलाय. नावाची जागा रिकामी आहे.

तुम्ही अर्जाचे पन्नास रुपयेच घेतलेत, वरचे परत केलेत. तेव्हा या श्रावणात एका सोमवारी धंतोलीला या जी. आजी स्वतः सांबारवडी, कोथिंबिरीची वडी, करणार आहे. मी कडुलिंबाखाली न्यायला येईन.

तुमची,
अधिक श्रावणातल्या आजीची नात