विनिपेगहून आई-बाबांस

विनिपेग, कॅनडा
१८ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही दोघे एकदम बोलता आणि माझे अर्धे सांगणे राहून जाते, म्हणून हे पत्र. माझी प्रकृती उत्तम आहे. बाहेर उणे एकोणतीस अंश असले तरी घरात रात्रंदिवस वीस अंश राहतात आणि आत्ता मी साध्या सुती कपड्यांत बसून लिहीत आहे. आई, माझा घोळणा फुटला तो थंडीने नव्हे, कोरड्या हवेने. इतक्या थंड हवेत बाष्प मुळातच अगदी थोडे असते आणि तीच हवा घरात तापली की नाक, ओठ, तळहात सारे कोरडे पडते. त्यासाठी फर्नेसला, म्हणजे तळघरातल्या घर तापवणाऱ्या गॅसच्या यंत्राला, बाष्प सोडणारे उपकरण जोडलेले आहे. त्यातला पॅड क्षारांनी भरला होता, तो बदलल्यापासून त्रास झालेला नाही. हे आधी कळवले असते तर तू दोन रात्री जागली नसतीस, हे मला ठाऊक आहे.

बाबांनी विचारले होते की, तळघरात गॅस पेटता ठेवून मुलगी वर एकटी निजते, हे कितपत बरे. बंद खोलीत शेगडी ठेवून निजल्यावर जे होते, ते येथे होत नाही. नव्या फर्नेसमध्ये ज्योतीला लागणारी हवा एका नळीने बाहेरून येते आणि जळून उरलेला वायू दुसऱ्या नळीने बाहेरच जातो. घरातली हवा धातूच्या भिंतीपलीकडून फक्त तापून येते, ती ज्योतीला शिवतही नाही. त्या धातूला चीर गेली तरच धोका, आणि म्हणून दर शरद ऋतूत, थंडी सुरू होण्यापूर्वी, जाणत्या माणसाकडून ती तपासून घेते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो, त्यामुळे निजायच्या खोलीबाहेर त्याची सूचना देणारी घंटा लावलेली आहे. हिमवृष्टी झाली की कामाला निघण्यापूर्वी बाहेरच्या त्या दोन पांढऱ्या नळ्यांची तोंडे मी हाताने मोकळी करते, कारण ती बुजली की फर्नेस आपोआप बंद पडते. हवेचा फिल्टरही मीच बदलते. त्याच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर बाण छापलेला असतो. त्याचे टोक फर्नेसकडे करून तो सरकवायचा, एवढेच. जुना काढताना त्यावर करड्या धुळीचा नमद्यासारखा थर दिसतो. तो तसाच राहिला तर हवा अडते, आतला भाग प्रमाणाबाहेर तापतो आणि यंत्र पुन्हा पुन्हा थांबू लागते.

आता येथली एक रीत सांगते, जी मला अजूनही नवलाची वाटते. आपल्याकडे गावाला जाताना आपण मेन स्विच बंद करतो, कड्या लावतो आणि निघतो. येथे माणसे महिनाभर परदेशी गेली तरी रिकामे घर तापतेच ठेवतात, पंधरा-सोळा अंशांवर. पाण्याचे नळ भिंतींच्या आतून गेलेले असतात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, नळ फुटतो, आणि ऊन पडून बर्फ वितळले की तळघर भरून जाते. एवढ्यावर भागत नाही. मालक नसताना कोणी तरी वरचेवर येऊन फर्नेस चालू असल्याचे पाहावे, असे घराच्या विम्यातच पुष्कळदा लिहिलेले असते, नाही तर नुकसानभरपाई नाकारली जाऊ शकते. म्हणून शेजारच्या आजी-आजोबांची किल्ली सध्या माझ्याकडे आहे. रोज संध्याकाळी मी त्यांच्या ओस घरात जाते, थर्मोस्टॅटचा आकडा पाहते, तळघरात उतरून जमीन कोरडी आहे ना ते पाहते आणि पाण्याच्या तोट्या एकदा सोडून बंद करते. तेथे उभी असताना दरवेळी तुमची आठवण येते. आम्ही दोघे भावंडे दूर, मंदार पुण्यात, मी येथे, तुम्ही दोघेच घरी, आणि मी मात्र रोज परक्यांच्या रिकाम्या घराची विचारपूस करते आहे.

म्हणून बाबा, एसीबद्दल मी आता तुमचे ऐकणार नाही. समुद्राचा वारा असताना यंत्र कशाला, हे तुमचे म्हणणे दुपारपुरते खरे आहे. रात्री तो वारा पडतो, हवेत बाष्प इतके असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. गेल्या वैशाखात तुम्हाला भोवळ आली ती यामुळेच. माजघरातला जुना एसी दरवर्षी गॅस भरून चालवला जातो, पण त्यातला गॅस वापरून संपत नसतो. तो कमी होतो याचा अर्थ कोठे तरी गळती आहे. बाहेरचे यंत्र पश्चिमेच्या भिंतीवर, थेट खाऱ्या वाऱ्यात आहे, तेथे तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खाल्ल्या गेल्या असणार. त्यावर आता खर्च नको. नवा एक टनाचा इन्व्हर्टर एसी घ्यावा, त्याच्या पट्ट्यांवर खाऱ्या हवेसाठी लेप दिलेला असावा, आणि बाहेरचे यंत्र मागील पडवीच्या बाजूस, वारा खेळेल असे बसवावे. महिन्यातून एकदा वीज बंद करून त्यावर विहिरीचे पाणी हलके ओतले तरी मीठ निघून जाते. कौलांची उष्णता माळ्यावरून खाली उतरते, तेव्हा माळ्याच्या फटी आधी बुजवून घ्याव्यात. वायरमनकडून अर्थिंग अवश्य तपासावे. उन्हाळ्यात जांभा सुकतो आणि अर्थिंग कमजोर पडते, त्या खड्ड्यात पाणी घालावे लागते. चोवीस-पंचवीस अंशांवर एसी आणि मंद पंखा, एवढ्याने वीजबिल आवाक्यात राहील. ते बिल मी भरीन.

नव्या फर्नेससाठी काढलेल्या कर्जाची काळजी करू नये. जुनी फर्नेस वीस वर्षे उलटलेली होती, ऐन जानेवारीत ती बंद पडली असती तर दुप्पट खर्च झाला असता. तिच्यासोबत बाहेर हीट पंप बसवला आहे; तो उन्हाळ्यात घर थंड करतो आणि माफक थंडीत बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, एका युनिट विजेत दोन-तीन युनिट उष्णता देतो. कडाक्यात काम गॅसकडे जाते. हप्ता पगारातून सहज जातो, आणि मंदारच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांना मी हात लावलेला नाही. ते फेब्रुवारीत पाठवते. एसीचे पैसे वेगळे येतील, दोन्ही एकत्र धरू नयेत. आई, तुझ्या पाटल्या मोडण्याचा विषय पुन्हा काढू नकोस.

रजा दोनच आठवड्यांची मंजूर झाली आहे. केळवणांना मी नसेन, देवक बसण्याच्या आदल्या दिवशी पोहोचेन. घरच्या लग्नात एकुलत्या बहिणीने पाहुण्यासारखे यावे हे शोभत नाही, पण याहून अधिक रजा मागणे या वर्षी शक्य नव्हते. आत्याने सुचवलेल्या चिपळूणच्या स्थळाला होकार किंवा नकार काहीच कळवू नये. मे महिन्यात मी त्यांना भेटेन आणि जे असेल ते स्वतः सांगेन. एसी मात्र माझी वाट न पाहता चैत्रातच बसवून घ्यावा, आणि तोवर रात्री एकदा शेजारच्या काकांनी डोकावून जावे, असे मी त्यांना कळवले आहे. बाबांनी रागावू नये.

कळावे, आशीर्वाद असावेत.

आपली,
मृणाल