स्ट्रिप कांद्याच्या टोपलीत सापडली

प्रिय आई, बाबा,

सोनूला सांगितलंय हे मोठ्यानं वाचून दाखव आणि मधात तुझे आजोबा काही बोलले तरी थांबू नको. फोनवर मी पायदुखीचा आणि गोळ्यांचा विषय काढला की बाबांना लगेच आवाज यायचा बंद होते, "हॅलो, हॅलो, रेंज नाही इथं". आणि मला तर मागं आईच्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजता येतात. म्हणून लिहून राहिली.

आईला कोणी बोलायचं नाही. बाबा, तुमच्या गोळ्यांची स्ट्रिप कांद्याच्या टोपलीत सापडली हे तिनं मला सांगितलं, तुमच्या काळजीनंच सांगितलं. वीस दिवस घेतली आणि पाय पुन्हा फुगला म्हणून तुम्ही ठरवलं की गोळीनंच दुखणं वाढवलं. राग नाही आला मला. म्हणजे आला होता, पण तो उतरल्यावरच लिहायला बसली.

दुसरं आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पूर्ण पत्रभर माझ्या पोटात गोळा राहील. नाल्याकडचं तीन एकर या वर्षी मक्त्यानं दिलं. दादानं आणि मी मिळून शब्द दिला, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी इसारही घेतला. कागद तुमच्या सहीशिवाय होत नाही, तो मी आल्यावर करू, पण शब्द गेला आहे आणि शब्दाचं काय असते हे तुम्हीच आम्हाला शिकवलं. विकलं नाही बाबा. एका वर्षाचंच आहे. सातबारा तुमच्या नावावर, धुऱ्यावरचा आंबा आपला, विहिरीजवळचे दोन एकर तुमचे, तिथं तूर लावा, वांगे लावा, सालगडी ठेवा नाहीतर नका ठेवू, मी तोंड घालणार नाही. बैलंही कुठं जाणार नाहीत, पोळ्याला आपल्याच दारातून निघतील. मक्त्याचे पैसे तुमच्याच खात्यात येतील. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाले असते म्हणून विचारलं नाही, हे खरं आहे आणि हे मला टोचते. पण मागच्या महिन्यात हरभरा काढताना तुम्ही बांधावर बसून एक चप्पल हातात धरून घरी आले, लंगडत, हे मला तुम्ही नाही, दादाच्या बायकोनं सांगितलं. दीड किलोमीटर. पांघरुणाचा कपडा लागला तरी जीव जाते म्हणणारा माणूस दीड किलोमीटर ढेकळातून चालला. मग मी काय करायला पाहिजे होतं, तुम्हीच सांगा.

आता सेवाग्रामला डॉक्टरांनी जे सांगितलं ते, कारण त्या दिवशी तुमचं अर्धं लक्ष बाहेर मोटरसायकलकडं होतं. मी डायरीत लिहून घेतलं होतं.

बाबा, तुम्हाला वात नाही, लचक नाही, आणि कोणी काही केलंही नाही. गाऊट आहे. रक्तात युरिक अॅसिड असते, सगळ्यांच्याच असते, शरीर स्वतःच बनवते आणि बहुतेक किडनीवाटे बाहेर टाकते. रक्तात ते एका मर्यादेपर्यंतच विरघळते, साधारण 6.8 पर्यंत. तुमचं 9.4 होतं. जास्तीचं मग सांध्यात खडे होऊन बसते. आठवते तुम्ही बांधावरच्या पोळ्याचं मध काढून आणायचे आणि थंडीत बाटलीच्या तळाशी साखर धरायची? तसंच. पायाचा अंगठा शरीराच्या टोकाला, तिथं अंग थंड राहते, म्हणून तिथंच आधी धरते. आणि खडे म्हणजे गोल खडे नाहीत, मायक्रोस्कोपखाली सुईसारखे दिसतात. डॉक्टर सुई म्हणाले, मला कुसळं आठवली. तुमच्या धोतराला लागायची तशी.

आणि आमचे आजोबा, तुमचे वडील. त्यांच्या कोपरावरच्या गाठी, कानाच्या पाळीवरचा तो पांढरा दाणा, आणि एकदा गाठ फुटून खडूसारखं निघालं होतं तर आजी म्हणाली होती जुनं पाप निघालं. मी डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले तेही हेच असणार, बहुतेक घराण्यातूनच आलंय. आजोबांना कोणी हे सांगितलंच नाही. शेवटची किती वर्षं ते पडवीत पाय उशीवर ठेवून बसून असायचे आणि आम्ही पोट्टे त्यांच्या खाटेला हात लावला तरी ओरडायचे, आम्हाला वाटायचं आजोबा खवीस आहेत. खाट हलायची ना, म्हणून ओरडायचे.

तर गोळी घेतल्यावर पाय काहून फुगला. ती गोळी, अॅलोप्युरिनॉल, रक्तातलं युरिक अॅसिड कमी करते, ते कमी झालं की सांध्यात वर्षानुवर्षं साचलेला ढीग विरघळायला लागते, आणि जुना कुसळाचा ढीग हलवला तर कुसळं उडणारच. सुरुवातीच्या महिन्यांत असे झटके येतात हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यासाठीच सोबत कोल्चिसिनची छोटी गोळी दिली होती, तीन ते सहा महिने घ्यायची. ती तुम्ही पाचव्या दिवशीच बंद केली कारण पोट ढिलं झालं. पोट बिघडलं तर मला फोन करायचा होता, डॉक्टरांना विचारून कमी-जास्त केलं असतं. असं मनानं बंद नाही करायचं.

झटका आला तरी अॅलोप्युरिनॉल चालूच ठेवायची. हे सोनू दोनदा वाच. आता मधात खंड पडलाय म्हणून पुन्हा किती घ्यायची ते मी विचारून सांगते, तोवर मनानं दोन-दोन घेऊन भरपाई करू नका. सुरुवात 100 मिलिग्रॅमची असते, रक्त तपासून हळूहळू वाढवत न्यायची, युरिक अॅसिडचा आकडा 6 च्या खाली येऊन तिथंच राहिला पाहिजे. बीपीच्या गोळीसारखी आहे ही, दुखत नसलं तरी घ्यायची. फक्त एक, अंगावर पुरळ आलं, तोंड आलं, डोळे लाल झाले तर गोळी त्याच क्षणी बंद आणि दवाखाना. तेव्हा माझ्या फोनची वाट पाहायची नाही.

मागं तालुक्याला झटक्यातच रक्त तपासलं तेव्हा युरिक अॅसिड 6.3 आलं आणि तिथल्या डॉक्टरनं नॉर्मल म्हणून घरी पाठवलं, एक इंजेक्शन मारलं. झटक्याच्या वेळी आकडा नॉर्मल दिसू शकते म्हणे, दोन-चार आठवड्यांनी पुन्हा पाहायला पाहिजे होतं. मी तेव्हा पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये तो रिपोर्ट मोबाइलवर पाहिला आणि "चला, नॉर्मल आहे" म्हणून पुन्हा जेवायला लागली. ते जेवण मला अजून आठवते.

बीपीची जुनी गोळी आता घ्यायची नाही, तिच्यात लघवी जास्त करणारं औषध होतं, त्यानं युरिक अॅसिड वाढते. नवीन दिलीय. जुन्या पाकिटावर मी लाल पेनानं फुली मारली होती, तरी आई ते फेकून दे, उरलेलं वाया जाते म्हणून ठेवू नको.

आणि मेडिकलमधून सुट्या गोळ्या बंद. त्या लाल-पांढऱ्या. बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या तपासणीचा आकडा, 1.5 झालंय, किडनीवर जोर पडून राहिला, दुखण्याच्या गोळ्या रोज खाल्ल्या की किडनी खराब होते आणि किडनी खराब झाली की युरिक अॅसिड बाहेर जात नाही, म्हणजे पुन्हा तेच. यात्रेतली वाताची पुडीही नको. तिनं दोन दिवसांत बरं वाटते कारण अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असते. तुमचं तोंड सुजलं होतं त्या दिवाळीत, आपण म्हणत होतो बाबांना तब्येत आली.

आता आई तू. तू तुरीचं वरण बंद केलं म्हणे. घरची तूर, आणि बाबा दोन महिने कढीसोबत भात खाऊन राहिले. अगं डाळीनं गाऊट तसा वाढत नाही, पालकानंही नाही, हे मी मुद्दाम विचारलं. वरण कर, फोडणीचं कर, ताक तर रोज दे, दुधाताकानं उलट फायदाच होते. बंद काय करायचं तर कलेजी, मुंडी, भेजा. मटण कधीतरी, थोडं. बाबा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, जे झालं ते मी उकरून काढत नाही, मामा आले होते, वाढदिवस होता, जे काय होतं. पण कलेजी आणि त्यासोबतचं ते दुसरं, दोन्ही एकाच रात्री, आणि रात्री दोन वाजता अंगठा पेटला. बीअर सगळ्यात वाईट, देशी काही चांगली नाही. कोल्ड्रिंकही नको, गोड पाण्यानं वाढते, रसवंतीवर बसलं तर अर्धा ग्लास. आणि हेही ऐका, नुसत्या पथ्यानं आकडा एखाद-दीड पॉइंट उतरते, 9.4 चं 6 पथ्यानं होणार नाही, तेव्हा आई तू बाबांचं ताट पाहून रडत बसू नको आणि बाबा तुम्ही "मी तर मटण सोडलं, आता गोळी कायले" म्हणू नका.

पाणी. आपल्याकडं आता पंचेचाळीसच्या वर जाईल, शेतात घाम गळते आणि बाबा दुपारपर्यंत एक तांब्या पिऊन राहतात. सुकलं अंग की झटका. धुऱ्यावर जाताना दोन लीटरची बाटली, येताना रिकामी. सोनू, तू रिकामी बाटली पाहून मला फोटो टाकायचा, एका फोटोचे पाच रुपये.

झटका आला तर विटेचा शेक नाही द्यायचा. माठातल्या पाण्याचं फडकं नाहीतर बर्फ कपड्यात गुंडाळून, पाय उंच. आई, शेक तुझ्या गुडघ्याला, बाबांच्या अंगठ्याला थंड. एका घरात दोघांचं उलटं, तसंही तुमचं दोघांचं सगळं उलटंच असते. आणि ताप भरला, थंडी वाजली, सांधा लाल झाला तर घरी काहीच करत बसू नका, सांध्यात पू झालेला असू शकते, दादाला सांगून त्याच रात्री गाडी काढायची.

आई, तुझं मात्र गाऊट नाही आणि मावशीसारखंही नाही. तुझी झीज आहे. तुला 2006 च्या चिकनगुनियापासून वाटते की ते अंगातच राहिलं, डॉक्टर म्हणाले त्याचं दुखणं काही जणांना महिनेच नाही तर वर्षंही राहते, पण तुझे गुडघे कापूस वेचून वेचून आणि चुलीपुढं उकिडवं बसून गेलेत. मी लहान असताना तुझ्या वट्यात बसून बोंडं मोजायची आणि तू मला काखेत घेऊनच ओळ पुरी करायची, तर त्यात माझंही वजन धर. सकाळी तुझा आखडलेला गुडघा दहा-पंधरा मिनिटांत सुटते, मावशीची बोटं तास-तासभर उघडत नाहीत, दोन्ही हातांची सारखी, तो संधिवात वेगळा. म्हणून मावशीची गोळी घेऊन पाहायची नाही! तिची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते, रोज घेतली तर जीवावर बेतते. मावशीलाही सांग, डबीवर वार लिहून ठेव म्हणा.

तुला काय करायचं, तर खुर्चीत बसून पाय सरळ, पाच आकडे मोजायचे, खाली. दहा वेळा एका पायानं, दहा वेळा दुसऱ्या. सीरियल पाहताना कर. खाटेवर पडून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबायची. मांडीचा स्नायू भरला की गुडघ्यावरचा भार कमी होते. वजन एक किलो उतरलं तर चालताना पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलो भार उतरते म्हणे, मग रात्रीची तिसरी पोळी तू उरलीय म्हणून खातेस ती गाईला दे. उजवा गुडघा जास्त दुखते तर काठी डाव्या हातात, तू उलटी धरतेस.

कमोडची खुर्ची पाठवली आहे, संडासावर ठेवायची, मधात भोक असलेली. लाजायचं काही नाही. बाबा म्हणतील आजाऱ्यासारखं, तर बाबा तुम्हीही वापरा. मिस्त्री सोमवारी येईल, न्हाणीत दोन जागी पाइप बसवेल धरायला, आणि स्वयंपाकाचा ओटा एक वीट वाढवेल, पैसे दिलेत त्याला, चहाच पाजा. आता जमिनीवर बसून भाकरी नाही. उंच स्टूलही त्याच पार्सलात आहे, निळा, तुझ्या आवडीचा निळा नाही, दुसरा निळा, तोच होता.

बाबा, मी पाचवीत होती तेव्हा नाल्याला पूर आला होता आणि तुम्ही मला खांद्यावर बसवून शाळेतून आणलं, पाणी तुमच्या छातीपर्यंत होतं, आणि मी वरून तुम्हाला म्हणत होती हळू चाला, माझं दप्तर भिजते. तुम्ही हो हो म्हणाले. आता मी हळू चाला म्हणते तर रेंज जाते.

मक्त्यावरून रागावायचं असेल तर रागवा. समोर रागवा, मी ऐकून घेईन. मी शनिवारी सकाळी वर्ध्याला उतरते, तिथून एसटीनं येते, साडेदहापर्यंत घरी. घ्यायला फाट्यावर येऊ नका. बाबा, खरंच येऊ नका, मी चालत येते.

तुमची
बेबी

ता. क. आई, सांबारवड्या करू नको, उभं राहावं लागते. बरं, केल्याच तर स्टूलवर बसून कर.