आईच्या पावलांची वाट बांधणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

फाटकापासून ओट्यापर्यंतची बागेतली वाट तुम्ही पुरी करून दिलीत, तुमचे पैसेही चुकते झाले आणि व्यवहारापुरता आपला हिशेब मिटला. तरीही हे पत्र चारचौघांत लिहिल्यावाचून मला राहवत नाही, कारण याच वाटेचे पैसे मी तुमच्याआधी एका ठेकेदारालाही मोजले होते.

त्या गृहस्थांनी भुसभुशीत मातीवर वाळू पसरून पेव्हर (पाऊल टाकायच्या सुट्या लाद्या) मांडले, मधल्या जागेत दिसायला देखणे असे गोल, गुळगुळीत गोटे ओतले, कडेला काहीच बसवले नाही आणि जाताना मात्र भरघोस हमी दिली. पहिल्याच पावसाळ्यात पेव्हर खचले, गोटे हिरवळीत पांगले आणि फोन उचलायचे त्यांनी बंद केले. गोट्यांवरून काठी सटकू लागली तशी आईने बागेत येणेच सोडून दिले. पैसे गेले त्यापेक्षा या गोष्टीचा राग मोठा आहे आणि तो अजून ओसरलेला नाही.

तुम्ही आलात आणि दराची गोष्ट काढण्याआधी विचारलेत, "या वाटेवरून रोज चालणार कोण?" मग आईला बोलावून घेतलेत आणि "आजी, नेहमीसारखं चाला, घाई करू नका," असे म्हणून तिच्या मागोमाग कमरेत वाकून, तिचे पाऊल जिथे पडेल तिथे चिमूटभर फक्कीची खूण करत गेलात. एरवी अशा वाटेवर दोन पेव्हरांच्या मध्यांत साधारण 60 सेंटीमीटर अंतर धरतात; आईच्या खुणा 40 च्या आसपास आल्या आणि पेव्हर तुम्ही तिच्या खुणांवरच बसवलेत. (माझी ढांग त्या वाटेवर रोज चुकते, त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.) तिच्या चालीला कोणी 'हळू' न म्हणता माप म्हणून धरले, हे मला कुठल्याही कारागिरीपेक्षा मोठे वाटते.

खाली काय काय घातलेत ते सगळे लिहीत बसत नाही. पण धुम्मसाने ठोकून बसवलेला खडीचा थर, त्यावरची दगडाची बारीक कच आणि पाणी घरापासून दूर जावे म्हणून दर मीटरला दीड-दोन सेंटीमीटर राखलेला ढाळ, यांतले काहीच आता डोळ्यांना दिसत नाही. चुकवले असतेत तर मला कळलेही नसते. गोल दगड घरंगळतो आणि फोडलेली खडी एकमेकींत अडकून बसते, हे तुम्ही आईला दोन मुठी खडी तिच्या हातात देऊन दाखवलेत. पेव्हरांच्या मधली खडी पेव्हरच्या पातळीपेक्षा किंचित खाली ठेवलीत, म्हणून ती पेव्हरवर चढून पायाखाली येत नाही. कोणी तपासणार नाही अशा जागी नीट काम करणारी माणसे अजून आहेत, आणि त्यांतले एक आमच्या दारी आले, याचे समाधान वाटते.

आई आता सकाळी फुले काढायला एकटी जाते. मागच्या नळाकडची वाट अजून व्हायची आहे. ते काम तुमच्या सवडीने करायचे, पण दुसऱ्या कोणाला द्यायचे नाही, असे तिने परस्पर ठरवून टाकले आहे. पावसाआधी जमेल का, तेवढे कळवावे.

आपली ऋणी,
आजींची मुलगी