आजींचं ऑस्टिओकॅल्सिन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला हाडांच्या तपासण्यांवरचा लेख वाचता वाचता चहा निवला. ‘ऑस्टिओकॅल्सिन एकदा तपासून घ्या, हाडांचं काय चाललंय ते कळतं,’ असं लेखकमहाशय म्हणतात. (हाड बनवणाऱ्या पेशी तयार करतात ते हे प्रथिन, रक्तात मोजतात.) इतकं सोपं असतं तर मे महिन्यात मी दोन लॅबना पैसे मोजले नसते.

पहिल्या लॅबचा मुलगा सकाळी सातला घरी येऊन रक्त घेऊन गेला. नम्र, वक्तशीर. पण ट्यूब त्याने स्कूटरच्या डिकीत टाकली, बर्फ नाही की काही नाही, आणि ‘अजून वारज्यात तीन घरं आहेत’ म्हणत निघाला. मी गॅलरीतून बघत होते. रिपोर्टात ९.४ आणि शेजारी लाल अक्षरांत ‘लो’. डॉक्टर म्हणाले, हाड बनायचा वेग मंदावलाय. आठवड्याने दुसऱ्या लॅबमध्ये स्वतः जाऊन, भर दुपारी बाराला रक्त दिलं, तर २१! हे प्रथिन रक्तात पहाटे जास्त असतं आणि दुपारी उतरतं म्हणे. माझं चढलं.

उलगडा केला तो बायोकेमिस्ट्रीत काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने. ऑस्टिओकॅल्सिन ही ४९ अमिनो आम्लांची साखळी. रक्त काढून तसंच ठेवलं, त्यातून गरम जागी, की तिची शेवटची सहा आम्लं पटकन तुटतात. एका प्रकारच्या तपासणी-किटमधल्या दोन अँटिबॉडी (ठरावीक भागालाच चिकटणारी प्रथिनं) साखळीची दोन्ही टोकं धरतात. शेपूट गेलेली साखळी त्यांच्या लेखी नाहीच. दुसऱ्या प्रकारचं किट १ ते ४३ हा उरलेला तुकडाही मोजतं. म्हणजे एका वर्गात टाय नसलेला मुलगा गैरहजर आणि शेजारच्या वर्गात तोच हजर. दोन्ही हजेरीपटांवर विषय मात्र एकच लिहिलेला!

माझ्या दोन्ही रिपोर्टांवर लोगो, बारकोड, क्यूआर कोड, सगळं आहे. किट कोणतं, रक्त किती वाजता काढलं, लॅबमध्ये कधी पोचलं, यातलं एक अक्षर नाही. काउंटरवर विचारलं तर ‘आजी, आता नॉर्मल आलंय ना, मग कशाला टेन्शन घेता?’ पस्तीस वर्षं गणित शिकवलं हो. नुसतं उत्तर लिहून रीत न दाखवणाऱ्याला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत.

आणि आता तुमच्याबद्दल. त्याच लेखाखाली केसांच्या गोळ्यांची अर्धपान जाहिरात आहे, ‘बायोटिन १० मिलिग्रॅम’ असं ठळक छापून. बायोटिन म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व. बऱ्याच इम्युनोअसे किटमध्ये, म्हणजे अँटिबॉडी वापरून मोजणाऱ्या किटमध्ये, बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन, अशी जोडी वापरतात. तिथे या गोळ्या निकाल बिघडवतात आणि दोन अँटिबॉडींच्या पद्धतीत आकडा खोटाच खाली दाखवतात. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने) २०१७ मध्येच तसा इशारा दिला होता. तुमचा लेख वाचून तपासणी करायची आणि जाहिरात वाचून ती बिघडवायची, अशी सोय एकाच पानावर केलीत. लेखात बायोटिनचा उल्लेख नाही, तो जागेअभावी राहिला की जाहिरातीपायी?

— एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे ३८