‘नाणे गुपचूप ठेवा’ असा सल्ला देणाऱ्या कंपनीस तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : धातुशोधक यंत्रातील दोष, आपल्या कंपनीच्या ॲपवरील दिशाभूल करणारे मूल्यांकन आणि आपल्या प्रतिनिधीने फोनवर दिलेला बेकायदेशीर सल्ला यांबाबत.

महोदय,

आज सकाळी माझे बोलणे अर्धवट असताना आपल्या ग्राहक सेवेने फोन ठेवला, म्हणून हे पत्र. यंत्र कोणते, त्याला कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती) कोणती आणि त्यात मोड (शोधण्याच्या पद्धती) किती, हे आपणांस ठाऊक आहे असे मी धरून चालतो. आपल्या प्रतिनिधींना ते ठाऊक नाही, याबद्दल आता माझ्या मनात शंका उरलेली नाही.

करवीर तालुक्यातील माझ्या शेताचे सपाटीकरण चालू असताना उपसलेल्या मातीत तांब्याच्या काही शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली जुनी नाणी, मिळाल्या. उरलेल्या ढिगाऱ्यात आणखी काही असेल तर ते जेसीबीखाली चिरडू नये, एवढ्याच हेतूने मी आपले यंत्र विकत घेतले. आपल्या खोक्यावर सोन्याच्या होनाचे चकचकीत चित्र आहे आणि त्याखाली ‘कोणत्याही मातीत अचूक’ असे छापलेले आहे. आमची माती बेसॉल्टच्या खडकाची झीज होऊन झालेली काळी माती असून तिच्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. अशा मातीत ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा संकेत वगळण्याची जुळवणी, नीट साधला नाही, तर यंत्र जमिनीलाच धातू समजते. ही गोष्ट या व्यवसायातील कोणालाही नवी नसावी. आपले यंत्र ‘आपोआप जुळवून घेते’ म्हणे. प्रत्यक्षात कॉइल जमिनीच्या वीतभर जवळ नेली की ते सासनकाठीपुढच्या हलगीसारखे अखंड वाजू लागते आणि थांबवायचे असेल तर संवेदनशीलता इतकी उतरवावी लागते, की मग ते वर पडलेल्या नाण्यालाही ओळख दाखवत नाही.

याही पलीकडची गोष्ट पुढे आहे. आपल्या पुस्तिकेतील शिफारशीप्रमाणे ‘नाणी व दागिने’ हा मोड लावून तपासलेल्या मातीतून, म्हणजे यंत्राने ‘काही नाही’ असा निर्वाळा दिलेल्या मातीतून, खुरपणीला आलेल्या मावशींच्या हाताला एक जड, राखी रंगाचे, कडेला दबलेले नाणे लागले. एका बाजूला बाण लावलेले धनुष्य स्पष्ट दिसते आणि भोवती ब्राह्मी अक्षरांचा तुटक घेर आहे. नाणे शिशाचे असून ते कुर राजांपैकी, म्हणजे सातवाहनांच्या काळातल्या कोल्हापूर भागातील राजांपैकी, एकाचे असावे, असे जाणकारांनी पाहून सांगितले. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे आणि ज्यांच्या नाण्यांवर ‘विळिवायकुर’, ‘सिवलकुर’ अशी नावे वाचली गेली आहेत, ते हे राजे. त्याच टेकडीवर १९४५-४६ मध्ये डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले होते. असे हे नाणे मी आपल्या कॉइलखाली धरले. शिफारस केलेल्या मोडमध्ये यंत्र गप्प बसले. सर्व धातूंचा मोड लावल्यावर पडद्यावर उत्तर आले : ‘फॉइल’.

शिशाचे लहान नाणे, गुटख्याच्या पुडीची चांदी आणि सोन्याचे बारीक नाणे यांचे संकेत जवळपास एकाच पट्ट्यात येतात, हे मला पुढे वाचून समजले. म्हणजे कचरा वगळण्यासाठी आपण जो मोड लावायला सांगता, तो मोड आपल्याच खोक्यावरच्या, जेमतेम पावणेतीन ग्रॅमच्या होनालाही कचऱ्यात काढण्याचा संभव आहे. हे पुस्तिकेत कोठेही नाही. पुस्तिकेत काय आहे, तर ‘सापडलेली नाणी चिंच-मिठाने स्वच्छ घासून चमकवावीत’ असा उपदेश! तांब्याच्या नाण्यावर शतकांनी चढलेला थर घासून काढला, की संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याची किंमत उतरते आणि अभ्यासकाच्या दृष्टीने त्यावरची बारीक अक्षरेही जातात. नाण्यांच्या नावावर धंदा करणाऱ्या कंपनीला हे कोणी सांगितले नसेल, तर मी सांगतो.

आता आजच्या फोनविषयी. मी एवढेच विचारले होते, की यंत्र शिशाच्या नाण्याला फॉइल का म्हणते. पलीकडच्या तरुणाने माझे नाव, मग मोबाइल क्रमांक आणि मग पुन्हा नाव विचारून झाल्यावर मला समजावले, ‘काका, शेतात काही नसेलच, तर मशीन तरी काय करणार?’ नाणे या क्षणी माझ्या तळहातावर आहे, असे मी सांगितले. त्यावर तो म्हणाला, ‘मग झालं की काका, सापडलं ना!’ ते यंत्राने नव्हे तर खुरप्याने सापडले, हा फरक त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. उलट त्याने मला नवी दिशा दाखवली : ‘तुम्ही पन्हाळ्याला ट्राय करा. तिकडं आमच्या कस्टमरना चांगला रिझल्ट आहे.’ पन्हाळा हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे, २०२५ मध्ये तो जागतिक वारसा यादीतही गेला आहे आणि तेथे परवान्याशिवाय खणणे हा गुन्हा आहे, हे मी आवाज न चढवता सांगितले. उत्तर आले, ‘रात्री कोण बघतंय?’

मी थोडा वेळ काहीच बोललो नाही. मग म्हणालो, की माझ्या शेतातील नाण्यांची लेखी सूचना मी जिल्हाधिकाऱ्यांना देत आहे. तेव्हा त्याचा आवाज एकदम आपुलकीचा झाला. ‘कशाला कलेक्टरच्या भानगडीत पडताय काका? सरकार घेऊन जाईल, तुमच्या हातात काय उरणार? गुपचूप ठेवा, ॲपवर फोटो टाका, गिऱ्हाईक आम्ही बघतो.’ मी त्याचे नाव विचारले. त्याने नाव न सांगता ‘कॉल रेकॉर्ड होतोय’ असे सुनावले. ‘फार उत्तम, तो जपून ठेवा,’ असे मी म्हणालो आणि फोन बंद झाला.

आपल्या माहितीसाठी लिहितो. भारतीय निखात निधी अधिनियम, म्हणजे जमिनीत पुरलेल्या ठेव्यांचा कायदा, १८७८ सालचा आहे, म्हणजे आपल्या कंपनीने तो वाचावा यासाठी पुरेसा वेळ गेलेला आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची चीज सापडली, तर ती काय आहे, किती आहे, कोठे व कधी सापडली, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. दहा रुपये! म्हणजे साधी शिवराईदेखील या मर्यादेच्या वर जाते. न कळवल्यास सापडणाऱ्याचा हिस्सा तर जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि ‘हातात काय उरणार’ याचेही उत्तर त्याच कायद्यात आहे. जाहीर सूचना काढूनही कोणाचा हक्क शाबीत झाला नाही आणि वेगळा करार नसला, तर सर्वसाधारणपणे तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला व एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळते. सरकारला तो ठेवा हवा असेल, तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देऊन तो घेण्याची तरतूद आहे. आपल्या प्रतिनिधीचा सल्ला मी मानला असता तर कैदेत मी गेलो असतो, तो नव्हे.

ॲपविषयीही लिहिणे भाग आहे. माझ्या एका दुदांडी, म्हणजे दोन आडव्या रेघांच्या, शिवराईचा फोटो टाकताच ॲपने ‘अंदाजे किंमत तीन लाख’ असे दाखवून गिऱ्हाइकाशी गाठ घालून देण्यासाठी नोंदणी शुल्क मागितले. शिवराई पिढ्यान्पिढ्या पाडली गेली. साधी, झिजलेली शिवराई संग्राहकांच्या बाजारात काहीशे रुपयांना मिळते आणि दुर्मीळ ठशाची असेल, तर ती हातात घेऊन, वजन करून, अक्षरांचे वळण पाहूनच ठरवावी लागते. जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला होता. तो इशारा आपल्यासारख्यांना उद्देशून नव्हता, असे मानायला मला आवडले असते. गंमत अशी, की ज्या शिशाच्या नाण्याची खरोखर चौकशी व्हायला हवी, त्याचा फोटो टाकल्यावर ॲप म्हणते : ‘वस्तू ओळखता आली नाही.’ यंत्राला ते फॉइल, ॲपला ते काहीच नाही, आणि आपल्या माणसाला ते गुपचूप विकण्याजोगे वाटते.

यंत्राची पूर्ण रक्कम परत मिळावी, ॲपवरील मूल्यांकन व शुल्क तात्काळ बंद व्हावे, यंत्राच्या प्रत्येक खोक्यात निखात निधीच्या कायद्याची आणि संरक्षित स्मारकांवरील बंदीची मराठीतील स्पष्ट सूचना असावी आणि आजच्या संभाषणाचे रेकॉर्डिंग नष्ट करू नये, अशी माझी मागणी आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे मी दावा दाखल करीन आणि फसव्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे स्वतंत्र तक्रार करीन. त्या प्राधिकरणाला दहा लाखांपर्यंत दंड करता येतो. पन्हाळ्याबाबत आपल्या ‘कस्टमरना’ मिळणाऱ्या ‘चांगल्या रिझल्ट’ची माहिती पुरातत्त्व खात्याला आणि पोलिसांना हवी असेलच. त्यांना या पत्राची प्रत आजच पाठवत आहे.

उत्तर कागदावर द्यावे. पुन्हा फोन करू नये.

आपला,
करवीर तालुक्यातील एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, ॲपच्या पडद्याची छायाचित्रे, जिल्हाधिकारी कार्यालयास दिलेल्या सूचनेची पोच.