ड्युटी लावणाऱ्याची रजा कोण मंजूर करणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा १ जुलैला डॉक्टर्स डेच्या शुभेच्छांनी पेपर भरलेला होता, वाचून बरं वाटलं. पण कोविडच्या काळात जे मेडिकल कॉलेजात डिपार्टमेंट चालवत होते, पोरांना शिकवतही होते आणि त्याच पोरांना वॉर्डात पाठवतही होते त्या माणसांबद्दल कुणीच काही लिहीत नाही, म्हणून शेवटी मीच लिहायला बसले.

आमचे मिस्टर मेडिसिनचे प्रोफेसर, तेव्हा एचओडी, म्हणजे विभागप्रमुख होते. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण हे एकट्या त्या कॉलेजचं नाहीच. एप्रिल २०२० मध्ये सोलापुरात पहिला पेशंट सापडला आणि त्याच आठवड्यापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर ड्युटी लिस्ट आली. पेन्सिलीनं लिहायची, खोडायची, परत लिहायची. कोविड आयसीयूत कोण जाणार? एकाला दमा, एक मुलगी चार महिन्यांची गरोदर, एकाचे वडील डायलिसिसवर आणि तो दर रविवारी घरी जाणारा. सगळी पंचवीस-सत्तावीस वर्षांची पोरं. खोडून खोडून कागद फाटला तर मागून टेप लावली, पण नवीन कागद घेतला नाही, का ते मला आजही कळलेलं नाही. त्या लिस्टमधली एक मुलगी आठव्या दिवशी पॉझिटिव्ह आली, ऑक्सिजनवर गेली, देवाच्या कृपेनं बरी झाली, आज ती स्वतः कन्सल्टंट आहे. तिचा फोन आला की हे अजून उठून उभं राहून बोलतात.

लोक म्हणतात एचओडी काय, केबिनमध्ये बसून सह्या करतात. अहो, सकाळी राउंड, मग कलेक्टर ऑफिसची मीटिंग, मग ऑक्सिजनचा हिशोब, मग रेमडेसिविर कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, मग नातेवाइकांचा राग, त्यात निम्मे लोक तेलुगू-कन्नड बोलणारे, त्यांना पीपीई किटच्या आतून समजावून सांगायचं, बाहेर सोलापूरचा मे महिना. आणि रात्री रेसिडेंट्सच्या, म्हणजे एमडी शिकता शिकता वॉर्डात काम करणाऱ्या पोरांच्या, आयांचे फोन. "सर, माझ्या पोराला पुढच्या आठवड्यात तरी सोडा." आईला काय उत्तर देणार? पोरांना थकलं की सरांकडे जाता यायचं, सरांनी कुणाकडे जायचं?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली त्यात तीन गोष्टी आहेत, अंगातली सगळी ताकद संपणं, कामापासून मन तुटणं आणि आपण काही नीट करू शकतो हा विश्वास जाणं. ते त्याला आजार म्हणत नाहीत, कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे होणारी गोष्ट म्हणतात, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण आपण लगेच माणसालाच योगा करायला सांगतो. ताकद संपलेली मी २०२० मध्येच बघितली होती. पण मन तुटलेलं कळलं ते २०२१ च्या दिवाळीनंतर. हा माणूस एका पेशंटच्या छातीवर स्टेथो ठेवून पोरांना पाऊण तास हृदयाचा एकच मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला वेगळा आवाज, ऐकवणारा. एक दिवस घरी आले, चप्पल न काढता खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आज मी एक थिसिस न वाचता सही केली." मी म्हटलं, "होतं एखाद वेळी." तर म्हणाले, "एखाद वेळी नाही, चौथी आहे, आणि मला काही वाटलंसुद्धा नाही."

त्याचं कारणही सांगते. २०२१ ची नीट पीजी, म्हणजे एमडी-एमएसची प्रवेश परीक्षा, १८ एप्रिलला होती ती पुढे ढकलून ११ सप्टेंबरला झाली, मग आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाच्या केसमुळे काउन्सेलिंग, म्हणजे जागावाटप, जानेवारी २०२२ पर्यंत अडकलं. म्हणजे फर्स्ट इयरची अख्खी बॅच कित्येक महिने आलीच नाही. तीन बॅचचं काम दोन बॅचवर, आणि त्यांना जमेना ते युनिटच्या सरांवर. शिक्षकांच्या जागा आधीच रिकाम्या. दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) पेशंट, ते संपतंय तोवर तिसरी लाट. रजा मागायची कुणाकडे, डीन स्वतः महिनोन्महिने घरी जेवले नव्हते.

रेसिडेंट्सचे हाल जास्त होते हे मला मान्य आहे, त्यांच्यासाठी बोललंच पाहिजे. २०२४ मध्ये एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) टास्क फोर्सनं सांगितलं की आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, एक सुट्टी हवी, रोज सात-आठ तास झोप हवी. बरोबरच आहे. पण जागा न भरता हे तास कमी केले तर उरलेले तास कुणाच्या डोक्यावर जाणार हेही आत्ताच ठरवा, नाहीतर शिकवणारा मोडेल आणि पोरं नुसतीच राबतील, शिकणार काहीच नाहीत.

मी शाळेत शिकवते, दरवर्षी मुलांना भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकात नेते. आपल्या सोलापूरचा माणूस, १९३८ मध्ये चीनला गेला, तिथं हॉस्पिटलचा प्रमुख झाला, ऑपरेशनं करायची, पोरांना शिकवायचं, सर्जरीचं पुस्तक लिहायचं, आणि फिट्स येत असतानाही हे सगळं चालूच. ९ डिसेंबर १९४२ ला गेले, वय ३२. पूर्वी मी मुलांना त्याग एवढंच सांगायचे. आता ३२ हा आकडा फळ्यावर लिहिते तेव्हा माझा हात थांबतो, कारण आमच्या टेबलावरच्या लिस्टमध्ये ३२ वर्षांचे लेक्चरर होते.

माझं म्हणणं एवढंच आहे की पुढची साथ यायच्या आत प्रत्येक डिपार्टमेंटला एचओडीच्या जोडीला सह्यांचे पूर्ण अधिकार असलेला दुसरा माणूस लेखी नेमा. कोविडसारख्या काळात चार्ज दर पंधरा दिवसांनी बदला. ऑक्सिजनचा, औषधांचा हिशोब डॉक्टरांकडून काढून घ्या, त्यासाठी वेगळे लोक ठेवा. कुणाला कुठं पाठवायचं हे एकट्या माणसानं रात्री घरी बसून ठरवू नये, तिघांनी मिळून ठरवावं, म्हणजे काही वाईट झालं तर ते एकट्याच्या छातीवर बसत नाही. आणि लाट ओसरली की एचओडीला सक्तीची रजा द्या, त्यांनी मागायची वाट बघू नका, ते मागत नाहीत.

आमच्या मिस्टरांनी एचओडीपद सोडलं. आता फक्त ओपीडी आणि शिकवणं. गेल्या महिन्यात एका पोराचा थिसिस घरी आणला होता, पहिल्या पानापासून पेन्सिलीनं खुणा करत वाचत होते, रात्री साडेबारापर्यंत. मी लाइट बंद करा म्हटलं नाही.

आपली नम्र,
एक शिक्षिका, जुळे सोलापूर