औषध चांगलं, खाद्य चांगलं. मग माझे पक्षी मेले कशाने?

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

पाण्यातून औषध पाजल्यावर माझ्या कोंबड्या मेल्या, त्याची तक्रार मी आपल्या खात्याकडं केली होती. गेल्या आठवड्यात मला दोन ओळींचं पत्र आलं. 'सदर औषधाचा नमुना प्रमाणित दर्जाचा आढळून आल्याने आपला तक्रार अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' खाली सही, सहीवर शिक्का. उन्हाळ्याच्या तोंडावर सोलापुरात शेतकरी मेळावा झाला होता. तिथं एका वरिष्ठ साहेबांनी माईक हातात घेऊन सांगितलं होतं की पोल्ट्रीतल्या या मरतुकीची मुळापासून चौकशी करू, पक्ष्यांचे नमुने, खाद्य, औषध सगळं तपासू. टाळ्या आम्हीच वाजवल्या. त्या चौकशीचं हे फळ, म्हणून आपल्याला लिहितोय. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव आहे.

मी मोहोळ तालुक्यातला ब्रॉयलरवाला. कंपनीच्या करारातून बाहेर पडून स्वतःचे पक्षी टाकतो. ५,००० ची बॅच होती. एकविसाव्या दिवशी पाण्यातून लासोटा, म्हणजे राणीखेतची लस दिली. लासोटानंतर पक्षी दोन-चार दिवस शिंकतात, घरघर करतात, हे शेडवरच्या पोरालाही ठाऊक असतं. या खेपेला घरघर थांबेना. दुकानदार म्हणाला सीआरडी, म्हणजे श्वासाचा जुनाट आजार आहे, आणि टियाम्युलिन या प्रतिजैविकाची पावडर दिली, पाण्यातून पाजायची. पाजली. दुसऱ्या दिवशी खाद्य तसंच पडून. त्यानंतरच्या सकाळी पक्षी छातीवर बसलेले, पाय मागं ताणलेले, माना टाकलेल्या. डोळे मात्र टक्क उघडे. ड्रिंकर चार बोटांवर, पण तिथवर सरकता येईना. अठराशेच्या वर पक्षी गेले. जे उरले त्यांची वाढच खुंटली, आणि लिफ्टिंगवाल्या व्यापाऱ्यानं सांगितला तो भाव घ्यावा लागला.

कशानं झालं हे मला आपल्या खात्यानं सांगितलं नाही. शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकणाऱ्या भाच्यानं फोनवर सांगितलं. रक्ती हगवण होऊ नये म्हणून ब्रॉयलरच्या खाद्यात सॅलिनोमायसिन घालतात, टनाला ६० ग्रॅमच्या आसपास. ते एकटं असलं की कोंबडीचं यकृत ते मोडून बाहेर टाकतं. टियाम्युलिन यकृताचं नेमकं तेच काम अडवतं. मग सॅलिनोमायसिन अंगात साठत जातं, आणि रोजचा सरळ डोस विषाचा होतो. पायाचे स्नायू जातात, मग हृदयाचे. मोनेन्सिन आणि नॅरासिनशीही टियाम्युलिनचं असंच वैर. यावर उतारा नाही. पावडर थांबवायची, खाद्य बदलायचं, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम देऊन किती जगतात ते बघत बसायचं. हे पुस्तकांत ४० वर्षांपासून छापलेलं आहे. भाच्याला परीक्षेत पाच मार्कांना येतं.

आता आपल्या खात्याचं शहाणपण बघा. पावडर तपासली, शुद्ध निघाली. निघणारच! उलट भेसळ असती तर माझे निम्मे पक्षी वाचले असते. खाद्याचं म्हणाल, तर गोणीवर प्रथिनं, तंतू, ओलावा सगळं टक्क्यांत छापलंय, सॅलिनोमायसिनचं नाव कुठंच नाही. पावडरच्या पुडीवर इशारा आहे, पण इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत, की आयोनोफोर, म्हणजे सॅलिनोमायसिनच्या घराण्यातलं औषध, असलेल्या खाद्याबरोबर देऊ नये. म्हणजे गोणी सांगत नाही माझ्यात काय आहे, आणि पुडी सांगते ते आम्हाला वाचता येत नाही. दोघांची ओळख थेट कोंबडीच्या पोटात व्हायची. औषध एका खात्याकडं, पक्षी आपल्या खात्याकडं, खाद्य कोणाकडं हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. एका टेबलावर म्हणाले, औषधाचं तिकडं विचारा. तिकडचे म्हणाले, पक्षी आमच्याकडं येत नाहीत.

माणसाला गोळी घेऊन अंगावर पुरळ आलं, तर कळवायला २०१० पासून देशात औषध-दक्षतेचा कार्यक्रम आहे. गाझियाबादला त्याचं केंद्र आहे, फुकटचा फोन नंबर आहे, रुग्ण स्वतः कळवू शकतो. ब्रिटनमध्ये जनावराला, कोंबडीलासुद्धा औषध बाधलं तर शेतकरी सरकारला थेट कळवतो, आणि औषधानं गुण आला नाही तरीही कळवतो. मोहोळच्या शेतकऱ्यानं कोणाला कळवायचं? दवाखान्यातल्या रजिस्टरमध्ये रोगांचे रकाने आहेत. 'औषधाने मेले' असा रकाना नाही, त्यामुळं औषधानं कोणी मरतच नाही. माझे पक्षी कागदावर 'अज्ञात आजार' आहेत.

२००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला. तेव्हापासून शेडबाहेर दहा मेलेले पक्षी दिसले की गाव तोंडावर रुमाल धरतं. माझ्याकडं खड्डा खणून चुना टाकून पुरले, तरी कुत्र्यांनी उकरले, आणि दोन दिवसांत अख्ख्या पंचक्रोशीत झालं की अमक्याच्या शेडात बर्ड फ्लू आलाय. पोराची सोयरीक ठरत होती, तिकडून फोन यायचे थांबले. बायकोच्या पाटल्या-बिलवर सोसायटीत नाही, पतपेढीत गहाण आहेत. व्याज कितीनं चढतंय ते आपण न विचारलेलं बरं. बर्ड फ्लू खरंच असता तर सरकारनं पक्षी मारून भरपाई तरी दिली असती. आमचं नशीब फुटकं, पक्षी औषधानं मेले.

आणि त्याच २००६ साली सरकारनं जनावरांच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर बंदी घातली, कारण ते दिलेली जनावरं मेल्यावर खाऊन गिधाडं मरत होती. चांगलं केलं, उशिरा का होईना. कोंबड्यांना देत त्या कोलिस्टिन या प्रतिजैविकावर २०१९ मध्ये बंदी आली, तीही बरोबर. म्हणजे ठरवलं तर सरकारला जमतं. मी तर बंदीही मागत नाही. टियाम्युलिन चांगलं औषध आहे, सॅलिनोमायसिनही चांगलं आहे. फक्त मला कोणीतरी सांगायला हवं होतं.

'डॉक्टरला न विचारता औषध दिलंच कसं?' हा प्रश्न मला प्रत्येक टेबलावर विचारला गेला, चहा पीत पीत. साहेब, कोणत्या डॉक्टरला? आमच्या दवाखान्यातल्या साहेबांकडं दुसऱ्या गावाचाही कार्यभार आहे, ते गाईम्हशींतून मोकळे होत नाहीत. आमचा डॉक्टर, कंपाउंडर आणि सावकार म्हणजे एकच माणूस, दुकानदार. उधारीवर पुडी देतो आणि सल्ला वर फुकट. २०१७ मध्ये यवतमाळात कीटकनाशकं फवारताना शेतकरी मेले, तेव्हाही कोणतं कशात मिसळायचं हे दुकानदारच सांगत होता असं कळलं. एसआयटी बसली. माणसं मेल्यावर एसआयटी, पक्षी मेल्यावर दोन ओळी. आणि पुढं काय मरायचं बाकी आहे ते कोणी आधी मोजत नाही.

उन्हाळ्याचंच घ्या. निकार्बाझिन हे रक्ती हगवणीवरचं दुसरं औषध खाद्यात असलं की उष्म्यात पक्ष्यांची मर वाढते, हेही जुनं ज्ञान. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३ च्या पुढं जातो. गोणीवर एक ओळ छापायला किती शाई लागते? दर उन्हाळ्यात आम्ही फॉगर लावतो, पत्र्यावर उसाचं पाचट टाकतो, गूळपाणी पाजतो, आणि पक्षी मेले की सगळे म्हणतात, यंदा ऊन फार होतं.

जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं पशुसंवर्धनाला कृषी समकक्ष दर्जा दिला. बॅनर लागले, पेढे वाटले, आमच्या चौकातही फ्लेक्स होता. दर्जा खरंच समकक्ष मिळाला म्हणायचा. शेतकऱ्यासारखं आम्हालाही आता कोणी विचारत नाही.

आता काय हवं ते सांगतो. खाद्याच्या गोणीवर कॉक्सिडिओस्टॅटचं, म्हणजे त्यातल्या रक्ती हगवणीविरुद्धच्या औषधाचं, नाव मराठीत छापणं बंधनकारक करा. टियाम्युलिनच्या पुडीवर इशारा मराठीत आणि डोळ्यांना दिसेल असा. तालुक्याच्या दवाखान्यात औषधबाधा नोंदवायचं एक पान ठेवा, आणि ते भरलं की नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात गेलेच पाहिजेत. पक्ष्याचं यकृत, हृदय, पायाचा स्नायू आणि त्याच दिवसाचं खाद्य. नुसती पुडी नव्हे. भरपाईचं मी लिहीत नाही, तो अर्ज वेगळा दिलाय. तोही एव्हाना निकाली निघाला असेल.

त्या बॅचची एक गोणी आणि उरलेली पावडर मी घरात बांधून ठेवली आहे. दोन्हींची एकत्र तपासणी कोणत्या कार्यालयात होते, तेवढं लेखी कळवावं. पोहोच करायला मी स्वतः येईन.

आपला,
मोहोळ तालुक्यातील एक ब्रॉयलर उत्पादक,
जि. सोलापूर